सरळ लाकूड, गोल होडी

होडीची फळी एवढी वाकवतात, मग ती मोडत कशी नाही? उत्तनच्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेली लाकडी बोट जवळून पाहिली की हा प्रश्न हमखास येतो. घरातल्या कपाटाची फळी थोडी वाकवून पाहा, ती कडकन मोडते. इथे मात्र तेच लाकूड पुढे नाळेपाशी निमुळते होते, मध्ये फुगते, मागे पुन्हा आत वळते आणि वर्षानुवर्षे लाटांचे तडाखे सोसते.

काशीमीऱ्यात राहणाऱ्याच्या दाराशीच या प्रश्नाची दोन्ही टोके आहेत. पूर्वेला राष्ट्रीय उद्यानाचे जंगल आहे आणि त्यात सागही आहे. उत्तरेला घोडबंदरच्या किल्ल्याखालून वसईची खाडी वाहते आणि पश्चिमेला भाईंदर ओलांडले की उत्तनचा समुद्र लागतो. झाड सरळ वाढते, पाण्याला मात्र गोलवा लागतो. मधले अंतर सुताराला कापायचे असते. ते तो कसे कापतो, ते या प्रकरणात पाहू.

१. वाकडे लाकूड शोधायचे की सरळ वाकवायचे?

सर्वांना आधी सुचणारा उपाय म्हणजे रुंद फळी घ्यायची, तिच्यावर हवा तो बाक आखायचा आणि करवतीने कापून काढायचा. आकार बरोबर मिळतो, पण लाकूड कमजोर होते. कारण लाकडाच्या रचनेत आहे. खोडाच्या उभ्या दिशेने अतिशय बारीक, लांबट पेशी शेजारी शेजारी रचलेल्या असतात. फळीवर दिसणाऱ्या रेषा या पेशींचीच दिशा दाखवतात. रेषेच्या दिशेने ओढले तर लाकूड जबरदस्त ताण सोसते, पण रेषेच्या आडवे ओढले तर ते सहज फाटते. जळणाचे लाकूड कुऱ्हाडीच्या एका घावाने उभे फुटते, आडवे तोडायला मात्र घाम निघतो, ते याचमुळे. सरळ रेषांच्या फळीतून बाक कापला की बाकाच्या टोकांशी रेषा तुटतात. तिथे लाकूड आडव्या दिशेने भार घेऊ लागते आणि पहिल्या मोठ्या लाटेला चिरते.

म्हणून जुन्या कारागिरांनी दोन वाटा धरल्या. होडीच्या आतल्या फासळ्यांसाठी मुळातच वाकडे वाढलेले लाकूड निवडायचे. बाभळीच्या वाकड्या फांद्या आणि बेचके या कामाला आले, कारण त्यांत रेषाच बाकाबरोबर वळलेल्या असतात. बाहेरची कातडी म्हणजे फळ्या आणि पट्ट्या मात्र लांब हव्यात. इतके लांब आणि नेमके वाकडे लाकूड जंगलात मिळत नाही. तिथे सरळ लाकूड वाकवण्यावाचून इलाज नाही.

२. वाकताना आत काय होते?

एक लाकडी पट्टी हातात घेऊन हळूच वाकवा. बाहेरची बाजू ताणली जाते, आतली चेपली जाते आणि मधोमध एक थर असा असतो की तो ना ताणला जातो ना चेपला जातो. लाकूड मोडते ते बहुतेक वेळा बाहेरून, कारण सुकलेले लाकूड साधारण १ टक्क्यापलीकडे ताणले गेले की तंतू तुटू लागतात.

हा ताण मोजायला सोपा हिशेब आहे. पट्टीची निम्मी जाडी घ्या आणि बाकाच्या त्रिज्येने भागा. समजा, होडीच्या कुशीचा बाक ६० सेंटिमीटर, म्हणजे ६०० मिलिमीटर त्रिज्येचा आहे. पट्टी ६ मिलिमीटर जाड असेल तर निम्मी जाडी ३. ३ भागिले ६०० म्हणजे अर्धा टक्का, पट्टी निर्धास्त वाकेल. तीच पट्टी १८ मिलिमीटर जाड असेल तर ९ भागिले ६००, म्हणजे दीड टक्का. ही मोडणार.

जाडीचा परिणाम ताणापुरताच नसतो, लागणाऱ्या जोरावर तो त्याहून मोठा असतो. पट्टी वाकवायला लागणारा जोर जाडीच्या घनाने वाढतो. जाडी तिप्पट तर जोर ३ × ३ × ३, म्हणजे २७ पट. आता या आकड्याची दुसरी बाजू पाहा. ६ मिलिमीटरच्या तीन सुट्या पट्ट्या एकीवर एक ठेवून वाकवल्या, तर त्या एकमेकींवरून घसरत वाकतात आणि जोर फक्त तिप्पट लागतो. वाकलेल्या अवस्थेतच त्यांच्यामध्ये गोंद लावून घट्ट दाबून धरले आणि गोंद सुकू दिला, की घसरणे बंद होते. आता त्या तीन पट्ट्या राहत नाहीत, १८ मिलिमीटरचा एकसंध तुकडा होतो आणि त्याचा ताठपणा एका पट्टीच्या २७ पट असतो. तिपटीच्या कष्टात २७ पट ताठपणा. लहान होडी बांधण्याच्या साऱ्या कलेत मला हाच हिशेब सर्वांत सुंदर वाटतो. वाकवणे आणि जोडणे ही दोन वेगळी कामे आहेत असे आपण मानतो, पण बाक खरा पक्का होतो तो जोडण्यातच.

या थरांच्या कमानीला सोडले की ती थोडी उलगडते. किती, याचाही ढोबळ हिशेब आहे. थरांच्या संख्येचा वर्ग करायचा. तीन थर असतील तर बाकाची खोली सुमारे एक-नवमांश कमी होते, पाच थर असतील तर एक-पंचविसांश. म्हणून जाणता सुतार फर्मा, म्हणजे ज्यावर पट्ट्या वाकवतात तो साचा, हव्या त्या बाकापेक्षा किंचित जास्त वाकडा बनवतो.

३. वाफ काय करते?

पातळ पट्टीचा उपाय सगळीकडे चालत नाही. फासळी जाड हवी, बाक लहान हवा आणि तुकडा अखंड हवा, अशा वेळी वाफ लागते.

लाकडात मुख्यतः तीन द्रव्ये असतात. सेल्युलोजचे लांब तंतू ताण सोसतात. हेमिसेल्युलोज त्यांना वेढून असते. लिग्निन या सगळ्यांना बांधून ठेवते. लिग्निन कोरडे आणि थंड असताना कडक असते, पण ओलावा असेल आणि तापमान ८० ते १०० अंशांच्या आसपास गेले की ते मऊ पडते. उडदाचा पापड भाजून तव्यावरून उतरवता क्षणी गुंडाळला तर हवा तसा गुंडाळला जातो, दोन मिनिटे थांबलात तर तोच पापड हातात चुरा होतो, आणि गुंडाळलेला पापड थंड झाल्यावर त्याच आकारात कडक राहतो. लाकडाचेही नेमके असेच आहे. मऊ असताना आकार द्यायचा, थंड होईपर्यंत धरून ठेवायचे.

कृती साधी आहे. फळ्यांची किंवा जाड प्लॅस्टिकच्या नळीची एक लांब पेटी करतात. एका टोकाशी उकळत्या पाण्याची वाफ आत सोडतात आणि दुसऱ्या टोकाला जुना कपडा कोंबतात. टोक पूर्ण बंद कधीच करायचे नाही, नाहीतर दाब साठून पेटी फुटते. वेळेचा जगभर चालणारा हिशेब असा आहे की २५ मिलिमीटर जाडीला एक तास. २० मिलिमीटरची फासळी असेल तर ५० मिनिटे पुरतात. जास्त वेळ ठेवल्याने ती अधिक मऊ होत नाही, उलट तंतू दुबळे होतात. पेटी नसेल तिथे फळी ओली ठेवत विस्तवावर शेकण्याची रीतही फार जुनी आहे. तत्त्व तेच, ओलावा आणि उष्णता एकत्र हवी.

पेटीतून काढल्यावर हाताशी वेळ फार थोडा असतो. जाड मोजे, फर्मा, शिकंजे, मदतीचा माणूस हे सगळे आधीच जागेवर हवे. पातळ फासळी अर्ध्या मिनिटातच ताठरू लागते. वाकवताना झटका द्यायचा नाही, थांबायचेही नाही, एकाच संथ गतीने ती फर्म्याला टेकवायची.

पण वाफेने लाकूड नेमके कशात बदलते? अनेकांची समजूत असते की वाफवलेले लाकूड जास्त ताणले जाते. तसे होत नाही. वाफवल्यावरही ताणण्याची मर्यादा फार तर दोनेक टक्केच राहते. बदलते ती चेपले जाण्याची ताकद. चांगले वाफवलेले कठीण लाकूड लांबीच्या दिशेने २५ ते ३० टक्के चेपले जाऊ शकते, तेही न मोडता. पेशींच्या भिंती बारीक घड्या घेत आत बसतात. म्हणजे सुताराचे खरे काम बाहेरची बाजू ताणू न देता आतली बाजू चेपणे हे आहे.

मिखाएल थोनेट या जर्मन सुताराने हे ओळखले. त्याने बीच लाकडाच्या बाहेरच्या बाजूला पोलादाची पातळ पट्टी लावली, तिच्या दोन्ही टोकांना लाकूड घट्ट अडकवले आणि मग वाकवले. पोलाद लांबत नाही, म्हणून लाकडाची बाहेरची बाजूही लांबत नाही, सारा बाक आतल्या बाजूच्या चेपण्यातून येतो. १८५९ मध्ये आलेली त्याची १४ क्रमांकाची खुर्ची जगभर गेली. मुंबईच्या इराणी हॉटेलांतल्या गोल पाठीच्या खुर्च्या याच घराण्यातल्या.

होडीच्या फासळीला हे लावून पाहू. फासळी २० मिलिमीटर जाड, आतली त्रिज्या २०० मिलिमीटर, बाहेरची २२०. पोलादी पट्टी नसती तर बाहेरची बाजू जवळपास ५ टक्के ताणली गेली असती आणि मोडलीच असती. पट्टी लावल्यावर बाहेरची बाजू आहे तशीच राहते आणि आतली २० भागिले २२०, म्हणजे सुमारे ९ टक्के चेपली जाते. २५ टक्क्यांच्या मर्यादेपासून ती खूप दूर आहे.

लाकूड कसले घ्यायचे? भट्टीत कडकडीत सुकवलेले नको. २० ते २५ टक्के ओलावा असलेले, म्हणजे अर्धवट सुकलेले लाकूड उत्तम. रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ हव्यात. गाठ असलेली पट्टी बाजूलाच ठेवा, कारण गाठीभोवती रेषा वळसा घेतात आणि मोड तिथूनच सुरू होते. पट्टीची निवड हे मला वाकवण्याच्या कामाचा निम्मा भाग वाटतो. नवशिके सुतार त्याला सर्वांत कमी वेळ देतात, हे पाहून वाईट वाटते.

४. पट्टी बसवताना

आता सगळ्यांत मोठ्या कामाकडे येऊ. पट्ट्यांची लहान होडी उलटी बांधतात. प्लायवूडचे आडवे फर्मे ३० ते ४५ सेंटिमीटर अंतरावर एका सरळ तुळईवर उभे करतात. प्रत्येक फर्म्याचा कडेचा आकार म्हणजे त्या ठिकाणी होडी आडवी कापली तर दिसेल तो आकार. फर्म्याच्या कडेला चिकटपट्टी लावतात, नाहीतर गोंदाने होडी फर्म्यालाच जखडते. मग काठापासून सुरुवात करून एकेक पट्टी फर्म्यांवरून वाकवत बसवत जातात.

पट्टी समजा १८ मिलिमीटर रुंद आणि ६ मिलिमीटर जाड आहे. सपाट बाजूने ती सहज वळते. तिला कडेच्या दिशेने वळवायचे म्हटले तर नऊ पट जोर लागतो आणि ती शेजारणीपासून उचकटते. पहिली पट्टी कोणत्या रेषेवर बसते, यावर पुढच्या सगळ्या पट्ट्यांचे नशीब ठरते. पहिली रेषा चुकीची धरली, की दहाव्या पट्टीपासून प्रत्येक पट्टीला कडेने ओढून आणावे लागते.

किती पट्ट्या लागतील? होडीच्या मध्यावर काठापासून कण्यापर्यंतचा घेर ६० सेंटिमीटर असेल तर ६०० भागिले १८, म्हणजे एका बाजूला ३४ पट्ट्या. नाळेजवळ मात्र तोच घेर ४० सेंटिमीटर असतो आणि तिथे २२ पट्ट्यांचीच जागा असते. उरलेल्या बाराचे काय करायचे? एक तर प्रत्येक पट्टी रंध्याने टोकाकडे निमुळती करत न्यायची. ४०० भागिले ३४ केले की टोकाची रुंदी येते, साधारण १२ मिलिमीटर. किंवा पट्ट्या पूर्ण रुंदीच्या ठेवायच्या आणि काही पट्ट्या मध्येच कण्याला भिडून संपू द्यायच्या. पहिली रीत देखणी पण वेळखाऊ, दुसरी सोपी. मी पहिलीच्या बाजूचा आहे, कारण निमुळत्या पट्टीला टोकाशी पीळ घेणे सोपे जाते आणि नाळेपाशी सगळी कटकट पिळाचीच असते.

लांब पट्टी मिळाली नाही तर दोन जोडाव्या लागतात. टोकाला टोक भिडवून गोंद लावला तर जोड पहिल्याच वाकणीला सुटतो, कारण लाकडाच्या कापलेल्या टोकावर गोंदाची पकड फार कमी असते. दोन्ही टोकांना तिरका काप देतात. कापाची लांबी जाडीच्या निदान आठपट हवी, म्हणजे ६ मिलिमीटरच्या पट्टीला ४८. शेजारच्या दोन पट्ट्यांचे जोड एकाखाली एक येऊ द्यायचे नाहीत.

गोंद इपॉक्सीच वापरा. कपाटाला लावतो तो नेहमीचा पांढरा गोंद सतत पाण्यात राहून टिकत नाही. साग असेल तर आणखी एक काळजी घ्यायची. सागात नैसर्गिक तेल असते, त्यामुळेच तो पाण्यात आणि किडीपुढे टिकतो, पण त्याच तेलामुळे गोंद धरत नाही. जोडायच्या कडा ताज्या रंधून, अॅसिटोनने पुसून, लगेच गोंद लावायचा. आपल्याकडच्या पावसाळ्यात हे काम शक्यतो टाळा. हवेतला ओलावा पट्ट्या फुगवतो आणि गोंदाचा थर नीट सुकू देत नाही. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात बोटी किनाऱ्यावर येतात तेव्हा डागडुजी चालते, पण ती ताडपत्रीच्या आडोशाला.

५. खिळा की दोरी?

गोंदाच्या आधी काय होते? इथे आपल्या किनाऱ्याकडे अभिमानाने पाहण्यासारखे बरेच आहे.

सर्वांत जुनी रीत शिवण्याची. फळ्यांच्या कडांना भोके पाडून काथ्याच्या दोरीने त्या एकमेकींना शिवत आणि फटींत काथ्या आणि राळ भरत. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत पाचव्या शतकातले जहाज दिसते. त्यावरून गोव्याच्या दिवाडी बेटावर, केरळचे कारागीर बाबू शंकरन यांच्या हाताखाली, शिवलेले जहाज नव्याने बांधले गेले. त्याचा कणा सप्टेंबर २०२३ मध्ये ठेवला. २१ मे २०२५ रोजी कारवारला ते 'कौंडिन्य' या नावाने नौदलात दाखल झाले आणि २९ डिसेंबर २०२५ रोजी पोरबंदरहून निघून जानेवारी २०२६ मध्ये मस्कतला पोचले. त्याच्या फळ्या जोडायला खिळे वापरलेले नाहीत.

शिवण वाकलेल्या फळीला का मानवते? वाकलेली फळी सतत सरळ होऊ पाहते. खिळा तिला एका बिंदूवर अडवतो, त्या बिंदूभोवती सगळा ताण एकवटतो आणि लाकूड तिथे चिरते. शिवण हाच ताण कडेच्या पूर्ण लांबीवर वाटून देते. शिवाय दोरी किंचित हलू देते, त्यामुळे लाटेबरोबर जहाज थोडे लवते.

सुरतेच्या सुतारांची रीत वेगळी होती आणि तीही तितकीच थोर. अठराव्या शतकात तिथे आलेल्या डच दर्यावर्दी स्टॅव्होरिनसने ती बारकाईने लिहून ठेवली आहे. फळ्यांच्या कडा एकमेकींत बसतील अशा खाचा घेऊन करत, आज आपण नर-मादी जोड म्हणतो तशा. एका कडेला शेंदरी रंग लावून दुसरी फळी दाबत. जिथे रंग उमटे तिथे उंचवटा आहे हे कळे, तो छिलून पुन्हा दाबत, असे दोन्ही कडा एकजीव होईपर्यंत. मग राळ लावून, पातळ कापूस घालून, लाकडी खुंट्यांनी फळ्या आवळत. सांधा जेमतेम दिसे. अशा कारागिरांच्या सुरतेतून १७३६ मध्ये लवजी नसरवानजी वाडिया मुंबईला आले आणि त्यांच्या वंशजांनी गोदीत सागाची जहाजे बांधली. १८१७ मध्ये मुंबईत पाण्यात उतरलेले ट्रिंकोमाली आज इंग्लंडमधल्या हार्टलपूल बंदरात तरंगते आहे. दोनशे वर्षांहून जुना सागवान.

खिळे वापरायचेच झाले तर तीन गोष्टी पाळा. खिळ्याच्या जाडीपेक्षा थोडे लहान भोक आधी पाडा. पट्टीच्या टोकाजवळ खिळा मारू नका. आणि खाऱ्या पाण्यासाठी तांब्याचा खिळा घ्या. लोखंडाचा खिळा गंजताना फुगतो आणि आतून लाकूड फोडतो.

फळ्यांमध्ये फट का राहते, तिच्यात भर का घालावी लागते, हेही लाकडाच्या रचनेतून कळते. ओलाव्याने साग रुंदीत बदलतो. पूर्ण ओल्यापासून पूर्ण कोरड्यापर्यंत, फळी कशी कापली आहे त्यानुसार, अडीच ते सहा टक्के आकसतो. लांबीत हा बदल नगण्य असतो. म्हणून होडी गळते ती नेहमी लांबीच्या सांध्यांतून, आणि बरेच दिवस कोरड्यावर राहिलेली जुनी लाकडी होडी पाण्यात उतरवली की आधी गळते, मग फळ्या फुगून गळती आपोआप कमी होते.

६. फर्मा काढताना

पट्ट्या बसल्या, गोंद सुकला, बाहेरून काचेच्या कापडाचा आणि इपॉक्सीचा थर चढला. काचेचे कापड लाकडावरच का लावतात? पट्ट्यांच्या लांबीत भरपूर ताकद आहे, पण आडव्या दिशेने त्यांना जोडून ठेवणारे फक्त गोंदाचे सांधे आहेत. हे कापड आडवी ताकद देते. आतूनही तोच थर चढवायचा असतो, त्यासाठी होडी सुलटी करून फर्मे काढावे लागतात.

इथे घाई करू नका. इतके दिवस प्रत्येक पट्टी फर्म्याला टेकून सरळ होण्याची धडपड करत होती. फर्मे निघाले की ती धडपड मोकळी होते आणि काठ बाहेर फाकू लागतात. म्हणून सुलटी करायच्या आधी मध्यावरची रुंदी मोजून लिहून ठेवा. मधले दोन फर्मे काढले की लगेच काठावरून काठावर एक तात्पुरती आडवी पट्टी स्क्रूने बसवा आणि रुंदी लिहिलेल्या मापावर आणा. उरलेले फर्मे त्यानंतरच सोडवा. आतला थर सुकून फासळ्या आणि बसायची फळी जागेवर घट्ट बसेपर्यंत ती तात्पुरती पट्टी काढायची नाही.